सुट्टी कशाला देतात

हळदीकुंकवाला गेलं की वाण हातात पडायच्या आत प्रश्न येतो. ‘तुझं काय बाई, घरच्या घरी काम! पण घर, मुलगा आणि हलव्याच्या दागिन्यांच्या ऑर्डरी, ऐन संक्रांतीत सगळं जमवतेस कसं गं?’ गेली आठ वर्षं माझं उत्तर एकच आहे: ‘घरच्यांची साथ आहे.’ हे उत्तर सगळ्यांना आवडतं. सासूबाई शेजारी बसलेल्या असल्या तर त्यांनाही आवडतं. परवा रथसप्तमीला एका मैत्रिणीच्या नव्या सुनेनं तेच विचारलं. तिला नोकरी सोडून असंच काहीतरी सुरू करायचंय, म्हणून ती खरंच विचारत होती. तिलाही मी तेच ऐकवलं आणि परत येताना रिक्षात माझी मलाच लाज वाटली. तेव्हा आता तुम्ही विचारलंतच आहे, तर नीट सांगते.

जमत नाही.

हलव्याचे दागिने काय असतात ते तुम्हाला सांगायला नको, तुमच्यातल्या निम्म्या जणींनी ते माझ्याकडूनच नेलेत. पण ते बनत असताना घर कसं असतं ते तुम्ही पाहिलेलं नाही, कारण त्या दिवसांत मी कुणाला घरात घेत नाही. कळव्यात आमची एक खोली, हॉल आणि स्वयंपाकघर. खाडी इतकी जवळ की पहाटे खिडकीचे गज ओले असतात. साखरेला ओल चालत नाही. म्हणून डिसेंबरच्या मध्यापासून कुकरच्या शिट्ट्या सकाळी ८ च्या आत, नंतर वाफेचं काही नाही. जेवणाचं टेबल माझ्या ताब्यात, त्याचे चारही पाय मुंग्यांसाठी पाण्याच्या वाट्यांत. आम्ही जमिनीवर जेवतो. बुटांच्या खोक्यांत ओल शोषायच्या पुड्या येतात ना, त्या मी वर्षभर जमवते, सोसायटीतल्या दोघीतिघी मला आणूनही देतात. आणि ओल्या हातानं टेबलाजवळ यायचं नाही, हा नियम. शाळकरी मुलाचा हात कधी कोरडा असतो का?

हलवा मी स्वतः करत नाही, हेही सांगून टाकते, कारण बऱ्याच जणी गृहीत धरतात. परातीखाली मंद आच ठेवून, चमचा-चमचा पाक सोडत, दिवसचे दिवस बोटांनी हलवत बसायची चिकाटी माझ्यात नाही. डोंबिवलीच्या एक काकू करतात, मी त्यांच्याकडून आणते. माझं काम पुढचं. हलव्याला भोक पाडता येत नाही, दोऱ्याच्या फासात एकेक दाणा अडकवायचा, फास आवळायचा, मग पुढचा. जास्त आवळलात तर दाण्यावरचा काटा मोडतो, कमी आवळलात तर दाणा निसटतो. एका हाराला असे किती फास, ते मी मोजत नाही. मोजलं तर करणार नाही.

त्यात मोसमाचा हिशेब. संक्रांत सूर्यावर ठरते, रथसप्तमी चंद्रावर. त्यामुळे मधले दिवस कधी महिनाभर, कधी जेमतेम दीड आठवडा. २०२४ ला १५ जानेवारी ते १६ फेब्रुवारी असं ऐसपैस मिळालं होतं, बोरन्हाणाच्या ऑर्डरी सावकाश येत राहिल्या. यंदा १४ ला संक्रांत आणि २५ ला रथसप्तमी. सगळ्यांनाच सगळं पहिल्या आठवड्यात हवं. म्हणजे काम कधी करायचं? नाताळच्या सुट्टीत. आणि शाळा कधी बंद? तेव्हाच.

‘मग ऑर्डरी कमी घे,’ हे कृपा करून सांगू नका. पहिली संक्रांत एकदाच येते. यंदा नाही म्हटलं तर ती मुलगी दुसरीकडे जाते, तिची जाऊ तिकडेच जाते आणि पुढे तिच्या बाळाचं बोरन्हाणही तिकडेच. या सहा आठवड्यांच्या पैशातून मुलाची वर्षाची फी निघते. हे उत्तर माझ्याकडे तयार असतं आणि ते खोटं नाही. पण पुरतं खरंही नाही. रात्री दीड वाजता सगळे झोपलेले असताना तयार कंबरपट्टा काळ्या कापडावर ठेवून मी नुसती बघत बसते, तेव्हा मला फी आठवत नसते.

आता २०२२ चं सांगते. ३० डिसेंबर, शुक्रवार. एका बाईंना ३१ च्या रात्रीच्या विमानानं लेकीकडे न्यू जर्सीला जायचं होतं, लेकीची पहिली संक्रांत. बिंदी, नथ, ठुशी, हार, मंगळसूत्र, बाजूबंद, बांगड्या, कंबरपट्टा, शिवाय जावयाचा हार आणि नारळ. ३१ ला सकाळी अकराला त्या ठाणे स्टेशनवर येऊन घेणार होत्या. काम संपत आलं होतं. जरीची लेस कमी पडली म्हणून दुपारी मी जांभळी नाक्याला गेले, येताना कळव्याच्या पुलावर अडकले, आणि साडेतीनला घरी पोचले तर टेबल रिकामं.

आई, म्हणजे सासूबाई, आत डुलकी काढत होत्या. मुलगा दिवाणावर बसून हसत होता, काहीतरी लपवल्यावर मुलं हसतात तसा. ‘ओळख कुठे आहेत!’

फ्रिजमध्ये होते. खालच्या कप्प्यात, कोथिंबिरीची जुडी आणि दुधाच्या पिशव्या बाजूला सरकवून, खाली वर्तमानपत्र अंथरून, दोन ताटांत व्यवस्थित मांडलेले. एकही दाणा न तुटता. इतक्या जपून मीही उचलले नसते. मी फोनवर गिऱ्हाइकांना सांगत असते ना, ‘थंडी असली की काटा छान राहतो.’ त्यानं ते ऐकलं होतं. त्या दिवशी उकडत होतं.

मी ताटं बाहेर काढली आणि बघता बघता हलव्याला घाम फुटला. आधी नुसती चकाकी आली, मग काट्यांची टोकं बसली, मग दाणे एकमेकांना चिकटले. कंबरपट्ट्याचा सोनेरी कागद पुठ्ठ्यावरून सुटून वर आला. पंख्याखाली धरलं, पुड्या ठेवल्या, काही उपयोग झाला नाही. थंड साखर दमट हवेत आली की पाणी धरणारच. हे मला माहीत होतं. त्याला कसं माहीत असणार?

मी हात उगारला नाही. हे मी स्वतःला पुष्कळदा सांगितलंय, जणू त्यानं काही कमी होतं. मी म्हणाले, ‘तुला सुट्टी कशाला देतात रे? शाळेतच बरा असतोस तू.’ आणि म्हणाले, ‘समोर काकूंकडे जा. मी बोलावल्याशिवाय येऊ नकोस.’

तो चप्पल न घालताच गेला.

आई उठल्या, एका शब्दानं काही न विचारता चष्मा लावून दोरा ओवायला बसल्या. उरलेला हलवा पुरेल का, इथूनच सुरुवात होती. संध्याकाळी दिवा लावायलाही कुणी उठलं नाही. पावणेदहाला नवरा आला, खिचडीचं भांडं बघितलं आणि विचारलं, ‘तो कुठाय?’ मी मान वर न करता म्हणाले, ‘आत झोपला असेल.’

खरंच तसं वाटलं मला. साडेतीनपासून पावणेदहापर्यंत तो घरात नाही, हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. आईंना वाटलं, समोर खेळतोय. समोरच्या काकूंना वाटलं, आमचं काम चाललंय म्हणून मुद्दाम ठेवलाय. त्यांनी जेवायला घातलं होतं. नवरा आणायला गेला तर हा सोफ्यावर पेंगत होता, पण उठेना. म्हणाला, ‘आईनं अजून बोलावलं नाहीये.’

मग मी गेले. बोलावलं. तो मुकाट्यानं आला.

सेट वेळेत गेला. तुम्हाला हे ऐकायचं नसेल, पण गेला, आणि चांगला झाला होता. तिकडून १५ तारखेला फोटो आला: काळी साडी, अंगभर पांढरे दागिने. तो फोटो अजून माझ्या व्हॉट्सॲपच्या डीपीला आहे. त्याच्यावरून जितक्या ऑर्डरी आल्या तितक्या कशावरूनच आल्या नाहीत. काढून टाकावा असं दर डिसेंबरला वाटतं.

२०१८ ला ऐरोलीची नोकरी सोडताना मी सगळ्यांना ऐकवत होते की पाळणाघरात ठेवण्यापेक्षा तो माझ्या डोळ्यांसमोर वाढेल. तेव्हा मी नोकरी करणाऱ्या मैत्रिणींकडे जरा कीवेनंच बघायचे, आता कबूल करते. डोळ्यांसमोर वाढला, त्यात खोटं नाही. पण डोळे दोऱ्यावर होते. ऑफिसातून सुटले की मी निदान सुटायचे तरी. तरी परत नोकरी करशील का म्हणाल, तर नाही. का नाही, ते मला धड सांगता येत नाही.

सुधारणा केल्या, केल्या नाहीत असं नाही. २०२३ च्या जानेवारीत ‘आता बास’ म्हणून सगळ्यांना सांगून टाकलं, नोव्हेंबरात पहिली ॲडव्हान्स घेतली. पुढच्या वर्षी ठरवलं, २५ डिसेंबर ते १ जानेवारी दोऱ्याला हात लावायचा नाही. २७ पर्यंत पाळलं. त्याला मदतीला घ्या, मुलांना मजा येते, असं एकीनं सुचवलं. मी बोलावलं त्याला. तो आला, हात धुतले, पुसले, पुन्हा पुसले, आणि टेबलापासून वीतभर लांब उभा राहून म्हणाला, ‘तू सांग, मी बघतो.’ डिसेंबर लागला की तो हॉलमधून भिंतीकडेनं चालतो. तुम्ही पाहिलंत तर तुम्हाला ते शहाणपण वाटेल. कितीजणी म्हणाल्यात मला, ‘किती समजूतदार आहे गं!’

यंदा सुट्टी लागायच्या आधीच तो म्हणाला, ‘मी मामाकडे पनवेलला जातो.’ मी पाठवला नाही, तोच जातो म्हणाला. पण मी थांबवलंही नाही, आणि त्याची बॅग भरताना मला किती हलकं वाटलं, ते नवऱ्यालाही सांगितलेलं नाही. दारात बूट घालताना म्हणाला, ‘ऑर्डरी संपल्या की फोन कर.’

३० तारखेला अकरा सेट बाकी होते. मी दुपारी साडेतीनला पनवेलला फोन लावला, ‘ये घरी’ म्हणाले.

‘संपल्या?’

‘नाही.’

थोडा वेळ काहीच बोलला नाही. मग म्हणाला, ‘मग उद्या येतो. आज मामा पिक्चरला नेणारे.’