तुम्ही विचारलंत म्हणून : अंक का नाही

जानेवारी संपत आला की फोन सुरू होतात. "ताई, यंदा तरी पोरांच्या लिखाणाचा अंक काढणार ना?" हेडसर विचारतात. केंद्रप्रमुख विचारतात. पुण्याहून वह्या-पेनं पाठवणारे एक काका विचारतात. त्यांना फोटो हवा असतो, आणि त्यात काही गैर नाही. माझी सख्खी बहीण विचारते, "चार-चार दिवस पोरांकडून लिहून घेतेस, ते जातं कुठं?"

आजवर दिलेली उत्तरं अशी : कागद महाग झालाय. चांगल्या अक्षराचं कुणी मिळत नाही. परीक्षा तोंडावर आल्यात. 2023 साली मी एकांना चक्क लॉकडाऊनचं कारण सांगितलं आणि त्यांनी ते ऐकूनही घेतलं. सगळी खोटी. अंक काढायला तीनशे रुपये आणि दोन रविवार पुरतात. मी सहा अंक काढलेत, मला माहीत आहे.

सातवा का नाही, ते आज सांगून टाकते. निदान पुन्हा पुन्हा सांगावं लागणार नाही.

मी ऊसतोडीच्या गावांतल्या जिल्हा परिषद शाळांत लेखनाच्या कार्यशाळा घेते. बालाघाटच्या डोंगरातली गावं, एवढ्यावर भागवा. तिथं पोरं लिहीत नाहीत असं कुणी म्हटलं की मला राग येतो. पोरं भरपूर लिहितात, फक्त दुसऱ्याचं लिहितात. दहावीच्या मराठीच्या 80 पैकी 24 गुण उपयोजित लेखनाचे असतात. त्यामुळे पाचवीपासूनच गाइडातली नदी बोलायला लागते, फाटकं पुस्तक आत्मकथा सांगायला लागतं. टँकरच्या रांगेत सकाळ घालवून आलेलं लेकरू शाळेत लिहितं, 'पाऊस पडला की मोर पिसारा फुलवून नाचतो. मला खूप आनंद होतो.' मोर सोडा, त्या गावात पावसानंच तोंड दाखवलेलं नसतं.

म्हणून माझा पहिला नियम होता : 'खूप' बंद. फळ्यावर 'खूप' लिहायचं आणि त्यावर काट मारायची. खूप माणसं आली म्हणजे किती? खूप लांब म्हणजे कुठं? पोरांना हा खेळ फार आवडायचा. एकमेकांना पकडायची, "ताई, हा खूप म्हणला!" जेवणाच्या सुट्टीतसुद्धा खिचडी वाढणाऱ्या मावशींना पकडायची. शिक्षकांच्या प्रशिक्षणांतही मी हाच खेळ घ्यायचे आणि शेवटी एक वाक्य ठेवून द्यायचे : छापलेलं नाव पाहिलं की मूल इंचभर वाढतं. टाळ्या पडायच्या. त्या बाईला, म्हणजे तेव्हाच्या मला, आता भेटले तर विचारीन, मोजलं होतंस का?

पण मला तिच्यावर सगळं ढकलूनही चालणार नाही. तिचं म्हणणं खोटं नव्हतं. अंक हातात आल्यावर आपलं पान उघडून त्यावर नुसता हात फिरवत बसलेली मुलगी मी पाहिली आहे. पहिल्या अंकाची प्रत एका आईनं देव्हाऱ्यात ठेवली होती, तिला वाचता येत नव्हतं तरी. हे मी नाकारू कशी?

बरं. ते वर्ष.

2018 ला पाऊस गेला. ऑक्टोबर संपताना सरकारनं 151 तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला, त्यात आमचा भाग होताच. दरवर्षी न जाणारी घरंही त्या वर्षी कोयता घेऊन निघाली. दिवाळीनंतर गाव निम्मं रिकामं झालं. आजीआजोबांपाशी ठेवलेली पोरं शाळेच्या हंगामी वसतिगृहात जेवत होती. फेब्रुवारीत मी तिथं चार दिवस होते.

तो सहावीत होता. (इयत्ता बदलली आहे. मुलगा होता की मुलगी, तेही मी लिहिलंय म्हणून खरं धरू नका. दुष्काळ तेवढा बदलता येत नाही.) पहिल्या दिवशी त्यानं सात ओळी लिहिल्या. विषय होता 'घरात आत्ता कोण नाही'. त्यातली एक ओळ अशी : 'पप्पांनी खूप पैसे उचलले आणि ते लांब गेले.'

मी समासात पेन्सिलीनं लिहिलं : 'किती? कुठे?'

दोनच शब्द. माझं अक्षर बरं आहे, पोरांना लगेच लागतं. दुसऱ्या दिवशी त्यानं दीड पान आणून दिलं. अंकाची कच्ची प्रत माझ्याकडे नाही, मी ती जाळली. पण त्या पानासाठी कच्ची प्रत लागत नाही. पप्पांनी एका मुकादमाकडून, म्हणजे तोडीला टोळी नेणाऱ्या ठेकेदाराकडून, 60 हजार उचल, म्हणजे आगाऊ मजुरी घेतली. ती आजीच्या डोळ्याच्या ऑपरेशनला आणि आत्याच्या लग्नाच्या देण्याला गेली. मग दुसऱ्याकडून 40 घेतले आणि त्याच्या टोळीत गेले. गावात पप्पांची कंबर धरली असं सांगायचं, कुणी विचारलं तर पुण्याला दवाखान्यात. ते खरं तर अथणीच्या पुढं एका कारखान्यावर आहेत. कोपीच्या, म्हणजे राहायच्या झोपडीच्या, मागं कालवा आहे. तिथली माणसं कन्नड बोलतात, मम्मीला त्यातलं फक्त 'नीरु', म्हणजे पाणी, कळतं. रविवारी फोन येतो तेव्हा मागं टायरगाडीच्या बैलांच्या घुंगरांचा आवाज असतो आणि आजी विचारते, कंबर कशी हाय, कारण शेजारीण बसलेली असते.

वाचून मी वर्गाबाहेर व्हरांड्यात जाऊन उभी राहिले. आजी शेजारणीसाठी कंबर विचारते! सहावीतल्या पोरानं लिहिलेलं. दहा-बारा वर्षं शाळाशाळांतून हिंडल्याचं फळ आहे असं वाटलं. मी ते पान अंकात पहिलं लावलं. नाव बदललं, अर्थातच. नाव बदललं की झालं, असं तेव्हा मला वाटायचं. गावात नाव बदलून काय होतं? आजीच्या डोळ्याचं ऑपरेशन म्हटलं की घराचं दार दिसतं.

ते पान मी किमान दहा वेळा वाचलं. ऱ्हस्व-दीर्घ पाहिलं, परिच्छेद कुठं तोडावा ते पाहिलं, 'नीरु' ला अवतरण द्यावं का यावर वर्गशिक्षकांशी वाद घातला. कोण फसवलं गेलंय आणि तो माणूस कुठं राहतो, हे माझ्या डोक्यातही आलं नाही.

27 फेब्रुवारी, मराठी भाषा गौरव दिन. कुसुमाग्रजांच्या फोटोला हार, नारळ, आणि अंकाचं प्रकाशन शाळा व्यवस्थापन समितीच्या अध्यक्षांच्या हस्ते. कायद्यानं या समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असावे लागतात. अध्यक्ष पालकच होते, त्यांची मुलगी तिसरीत होती. ते मुकादमही होते. हे मला माहीत होतं का? होतं. गावात पाऊल टाकलं त्या दिवशीच चहा त्यांच्याकडे झाला होता. पोरानं कोणाही मुकादमाचं नाव लिहिलेलं नव्हतं आणि मी विचारलं नव्हतं. 'किती' आणि 'कुठे' विचारलं, 'कोणाकडून' तेवढं राहिलं.

सरांचं भाषण चालू असताना ते खुर्चीत बसून अंक चाळत होते. पहिलं पान उलटलं. मग परत मागं आले. बोट ठेवून वाचायला लागले. आतापर्यंतच्या सहा अंकांत मी कुठल्याही मोठ्या माणसाला असं वाचताना पाहिलं नव्हतं. पालक आपल्या पोराचं पान बघतात, पाहुणे मुखपृष्ठ बघतात. हा माणूस ओळ न् ओळ वाचत होता आणि खरं सांगते, मला आनंद झाला. चहाच्या वेळी ते माझ्याजवळ आले.

"ताई, पोरगं लई बारीक लिवतंय."

मी म्हणाले, "हो ना! आणि सगळं स्वतःचं."

तिसऱ्या दिवशी सकाळी हेडसरांचा फोन. नमस्कार-चमत्कार नाही. "अंकाच्या प्रती किती काढल्या होत्या ताई?" मी म्हणाले, बारा. ते म्हणाले, "अकरा माझ्याकडे जमा झाल्यात." मग त्यांनी सांगितलं. अध्यक्षांची जीप रात्रीच गेली होती.

पुढचं मला तुकड्यातुकड्यांत कळलं, सगळं अजूनही माहीत नाही. नवराबायकोला तिथून उचलून या मुकादमाच्या टोळीत, दुसऱ्या कारखान्यावर नेलं. तिकडच्या मुकादमाचे 40 हजार अंगावर राहिलेच. फिटेपर्यंत पुढच्या हंगामाचा कोयताही, म्हणजे नवराबायकोची तोडही, बांधला गेला. बापाला मारलं का? हेडसर म्हणाले, "विचारू नका." मार्चमध्ये पोरगंही वसतिगृहातून गेलं, कारण कोपीवर राखायला आणि उसाचे वाढे गोळा करायला कुणी नव्हतं. मी काय केलं? तालुक्याच्या ठिकाणी एका ओळखीच्या वकिलाला फोन केला. तो म्हणाला, बाप तक्रार देईल का? बाप तक्रार देणार नव्हता. दोन उचली घेतलेला माणूस कुठल्या तोंडानं पोलिसात जातो? पोराच्या आजीला भेटायला मात्र गेले. तिनं चहा केला. डोळ्याचं ऑपरेशन झालेलं होतं, तिला मी नीट दिसत होते. ती एवढंच म्हणाली, "लेकराला काय कळतंय बाई. तुमाला तरी."

वाक्य तिनं तिथंच सोडलं. मीही इथं पुरं करणार नाही.

पट्टा पडल्यावर, म्हणजे तोडीचा हंगाम संपल्यावर, एप्रिलात तो परत आला. जुलैत मी पुन्हा त्या शाळेत गेले. जावंसं वाटत नव्हतं, पण न जाणं आणखी वाईट दिसलं असतं (बघा, तिथंही 'दिसणं'). पोरांना विषय दिला नाही, वाटेल ते लिहा म्हणाले. त्यानं वही दिली. अक्षर सुधारलं होतं. 'पाऊस पडला की मोर पिसारा फुलवून नाचतो. सगळीकडे आनंदी आनंद होतो. मला पावसाळा खूप खूप आवडतो.' दोन वेळा 'खूप'. खाली सही केल्यासारखं स्वतःचं पूर्ण नाव, गावासकट.

समासात लिहायला माझ्याकडे काही नव्हतं. मी 'छान' लिहिलं.

आता तुमचे पुढचे प्रश्न, म्हणजे हे कुणाला सांगितलं की जे विचारतात ते.

"चूक बापाची होती, फसवणूक त्यानं केली." केली. पण त्याचा हिशेब त्याच्या पोराच्या अक्षरात मुकादमाच्या हातात द्यायचं काम माझं नव्हतं. "तुम्हाला काय माहीत असं होईल?" हे ऐकून दोन वर्षं बरं वाटलं, मग वाटेनासं झालं. मला माहीत करून घेता आलं असतं. मी प्रश्न विचारण्यातच पटाईत होते. "मग काय पोरांनी मोरच नाचवायचे?" हा हेडसरांचा प्रश्न आहे आणि याचं उत्तर मला येत नाही. मोर सुरक्षित आहे. त्या गावात मोर नाचवणं हे कदाचित मूर्खपणाचं नसेलच, पोरांना कळत असेल की शाळेच्या वहीत काय लिहायचं असतं आणि काय नसतं, आणि ते शहाणपण मी फळ्यावर काट मारून पुसत होते. असं मला काही दिवस वाटतं. मग एखाद्या शाळेत सलग चाळीस वह्यांत चाळीस मोर नाचतात आणि माझं डोकं पुन्हा फिरतं.

सध्या मी असं करते : चौथ्या दिवशी ज्याची वही त्याच्या हातात. ठेवा, फाडा, आईला वाचून दाखवा. मी प्रत ठेवत नाही, फोटो काढत नाही. 'खूप' वरची बंदी उठवली. 'किती' विचारते, पण तोंडी, आणि पोरगं म्हणालं "सांगते, पण लिहीत नाही", तर ठीक. यामुळे लेखन पातळ झालंय का? झालंय. दरवर्षी थोडं जास्त होतंय.

मग हे तुम्ही कसं छापताय, असं कुणीतरी विचारणारच. मी त्याला विचारलं होतं. आता तो मोठा आहे, फोन आहे त्याच्याकडे. म्हणाला, "तुमाला काय लिवायचं ते लिवा ताई. मला वाचायला नका पाठवू."

एवढ्यावर थांबणार होते. पण गेल्या आठवड्यात दुसऱ्या एका गावात सातवीतल्या एका मुलीनं वही परत घ्यायला नकार दिला. तिनं वसतिगृहाच्या रात्रीच्या जेवणावर लिहिलंय. सोमवारी वरणात काय होतं, गुरुवारी जेवण आलंच नाही पण वहीवर सह्या घेतल्या, शनिवारच्या भातात वाटाणे 11. मी तिला 'किती' विचारलंच नव्हतं, तिनं आपणच मोजलेत. खाली नाव, तुकडी, हजेरी क्रमांक.

मी म्हणाले, "हे कोण वाचेल ते ठाऊक आहे का तुला?"

"ठाव हाय की. म्हणून तर लिवलंय. अंक कधी काढणार?"

अंक काढा म्हणून मागं लागलेले हेडसर त्याच शाळेचे आहेत. वही माझ्या पिशवीत आहे. शुक्रवारी परत जायचंय.