झ्वोलेकरांची हजेरी

आमच्या टीममधले एक गृहस्थ नेदरलँड्समधल्या झ्वोले नावाच्या गावात राहतात. त्यांचं खरं नाव इथे लिहीत नाही. माझ्या मनात ते पहिल्या दिवसापासून 'झ्वोलेकर'च आहेत. वय 58, उंची सहा फूट चार इंच, कंपनीत माझ्यापेक्षा 15 वर्षं जुने. इथल्या रिवाजाप्रमाणे आम्ही एकमेकांना नावाने हाक मारतो आणि अरे-तुरे करतो. तोंडाने 'तू' म्हणताना मनात मात्र 'अहो'च येतं. आणि अशा माणसाचा मी साहेब.

गेल्या वर्षी सप्टेंबरात वरून फर्मान आलं: आठवड्यातून तीन दिवस ऑफिस. मंगळवार सगळ्यांना सक्तीचा, उरलेले दोन ज्याने त्याने ठरवायचे. आमचं ऑफिस युट्रेक्टला, स्टेशनपासून चालत सहा मिनिटांवर. इथल्या टीममध्ये अकरा जण; त्यांना पत्र मी पाठवलं. दहा जणांनी कुरकुरत का होईना, माना डोलावल्या. झ्वोलेकरांची दोन ओळींची मेल आली: "नियम वाचला, पटला नाही. मी घरूनच काम करत राहीन."

बस, एवढंच. आपल्याकडे नाही म्हणायचं तर आधी सासूबाईंना आजारी पाडावं लागतं, नाहीतर गावाकडे नातेवाइकाचं लग्न काढावं लागतं. या माणसाने एक सबब म्हणून दिली नाही. मला नकारापेक्षा तेच जास्त लागलं.

रविवारी बाबांना फोनवर सांगितलं. बाबा सातारा जिल्हा परिषदेत होते. त्यांच्या काळी वेळ टळली की मस्टर साहेबांच्या टेबलावर जायचं आणि नंतर येणाऱ्याच्या नावापुढे लाल शाई उमटायची. ते म्हणाले, "येत नाही म्हणजे काय? बिनपगारी लाव." मागून आईचा आवाज: "काम होतंय ना त्याचं? मग राहू दे की घरी." हे दोघं पुढचे तीन-चार महिने माझ्या डोक्यात भांडत होते.

पुण्यातला मित्र म्हणाला, "पीआयपीवर टाक, म्हणजे 'सुधारा नाहीतर जा'च्या नोटिशीवर, आपोआप येईल." त्याला काय सांगणार! नेदरलँड्समध्ये माणसाला काढायचं तर त्याची स्वतःची संमती लागते, नाहीतर सरकारी रोजगार संस्थेची परवानगी किंवा न्यायाधीशाचा हुकूम. त्यासाठी महिनोन्‌महिने फाइल बांधत बसायचं. आणि फाइलमध्ये लिहू काय? गेल्या वर्षातला सगळ्यात कमी चुका असलेला कोड याच माणसाचा होता.

तसा कायदा माझ्या विरोधात नव्हता. इथे 2016 पासून लवचिक कामाचा कायदा आहे. दहा किंवा जास्त माणसं असलेल्या कंपनीत सहा महिने झालेला कोणीही कामाचे तास, वेळा किंवा जागा बदलून मागू शकतो. तास आणि वेळा नाकारायच्या तर कंपनीला भक्कम कारण द्यावं लागतं. जागेच्या बाबतीत मात्र अर्जाचा विचार करायचा आणि नकार द्यायचा असेल तर आधी त्या माणसाशी बोलायचं, एवढंच बंधन. ही ढिलाई दूर करणारं विधेयक 2022 मध्ये खालच्या सभागृहात मंजूर झालं, पण 26 सप्टेंबर 2023 ला वरच्या सभागृहाने ते पाडलं. म्हणजे झ्वोलेकरांनी अर्ज केला असता तर तो फेटाळायची सोय माझ्याकडे होती. त्यांना गाडीत बसवून आणायची सोय कुठल्याच कलमात नव्हती.

मग मी एक घोडचूक केली. एचआरच्या बाईंसमोर, व्हिडिओ कॉलवर, अगदी काळजीच्या सुरात विचारलं, "तब्येतीचं काही आहे का?" बाईंनी पेन खाली ठेवलं. इथे कर्मचाऱ्याला काय आजार आहे हे साहेबाने विचारायचं नसतं. तो विषय कंपनीच्या डॉक्टरचा, आणि तो डॉक्टरही साहेबाला आजाराचं नाव सांगत नाही. किती काम जमेल, एवढंच सांगतो. साताऱ्यात न विचारलं तर माणुसकी नाही म्हणतील. इथे विचारलं म्हणून मला नंतर पंधरा मिनिटं समज मिळाली. झ्वोलेकर मात्र हसले. "तब्येत उत्तम आहे," म्हणाले, "म्हणून तर ट्रेनमध्ये घालवायची नाही."

शेवटी तडजोड ठरली. एक मंगळवार त्यांनी यायचं आणि मग बोलायचं.

आले. पावणेनऊला, पाठीवर सॅक, कोपऱ्यातलं टेबल धरलं. कानाला हेडसेट लावला आणि एकामागोमाग कॉल सुरू. आमची निम्मी टीम पुण्यात हिंजवडीला, त्यामुळे इथली सकाळ म्हणजे तिथली दुपार. दुपारी एकच्या आत सगळे कॉल उरकून घ्यावे लागतात. एक वाजता डब्यातून चीज लावलेले ब्रेडचे चार स्लाइस काढले, सोबत ताक. (ताक हा आम्हा दोन देशांमधला सगळ्यात मजबूत दुवा आहे, फक्त यांना त्यात जिरं सुचलेलं नाही.) चार वाजता सॅक उचलली आणि गेले. मी खूश. नियम पाळला गेला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मेलमध्ये एक तक्ता आला.

त्याआधी झ्वोलेच्या लोकांचं टोपणनाव सांगायला हवं. त्यांना 'ब्लाउफिंगर्स' म्हणतात, निळ्या बोटांचे. दंतकथा अशी, की झ्वोलेने शेजारच्या कांपेन गावाला चर्चच्या घंटा विकल्या. कांपेनवाल्यांनी खवचटपणे सगळी किंमत तांब्याच्या चिल्लरमध्ये चुकती केली. झ्वोलेवाले काही कमी नव्हते. त्यांनी नाणं न्‌ नाणं मोजून घेतलं आणि तांब्याने बोटं निळी झाली.

तर तक्ता. घर ते स्टेशन, सायकल, 14 मिनिटं. झ्वोले ते युट्रेक्ट, ट्रेन. पैकी आमर्सफोर्टपर्यंत उभं राहून. प्लॅटफॉर्म ते टेबल. परतीचं तेच. एकूण प्रवास 3 तास 5 मिनिटं. हेडसेट लावून पुण्याशी बोलणं, 4 तास 10 मिनिटं. समोरासमोर सहकाऱ्यांशी बोलणं, 11 मिनिटं. आणि खाली एक ओळ: "तुला मी हवा आहे की माझी हजेरी?"

मी तो तक्ता बंद केला, उघडला, परत बंद केला. मस्टर, लाल शाई, बाबा, सगळं एकदम आठवलं. खरं सांगायचं तर मला हजेरीच हवी होती. महिन्याच्या अहवालात माझ्या टीमपुढे हिरवा रंग हवा होता.

पण अकरा मिनिटांची फोड दिली होती, आणि ती मी दोन दिवसांनी नीट वाचली. 2 मिनिटं: लिफ्टमध्ये, मी. 9 मिनिटं: कॉफी मशीनपाशी, नवा मुलगा. हा नवा मुलगा कॉलेजमधून नुकताच आलेला. आम्ही गोदामांच्या साठ्याचं सॉफ्टवेअर करतो, त्याचा गाभा झ्वोलेकरांनी 2004 मध्ये लिहिलेला, आणि त्यातल्याच एका कोपऱ्यात हा पोरगा सोमवारपासून अडकला होता. मी त्याला विचारलं, तर म्हणाला, कॉफी भरता भरता सुटलं. मग आधी फोन का नाही केलास? खांदे उडवून म्हणाला, "चॅटमध्ये त्यांच्या नावापुढे सारखा 'बिझी'चा लाल ठिपका असतो. एवढ्याशा गोष्टीसाठी मीटिंग कशी मागू?"

पुढच्या आठवड्यात मीच झ्वोलेला गेलो. "बसून आलास ना?" दारातच विचारलं त्यांनी. "उलट्या दिशेला रिकामीच असते." परसात लाकडी खोपटं, त्यात टेबल, दोन स्क्रीन, मागे तीन सायकली टांगलेल्या, आणि भिंतीवर पिवळी पडलेली एक आकृती: 2004 ची, पेन्सिलने काढलेली, त्याच गाभ्याची. मी ते नऊ मिनिटांचं सांगितलं. झ्वोलेकर आकृतीकडे बघत राहिले.

"मग पत्रात तसं लिहायचं होतंस," म्हणाले. "तू 'ऑफिसची संस्कृती' असं लिहिलं होतंस. मला वाटलं, केक."

केकचा टोमणा रास्त होता. इथे ज्याचा वाढदिवस त्यानेच केक आणायचा आणि सगळ्यांनी टेबलाभोवती उभं राहून खायचा. आमच्या पत्रातल्या संस्कृतीत याहून फारसं काही नव्हतं.

ठरलं ते असं: आठवड्यातून एकच दिवस, गुरुवार. सकाळची गर्दी ओसरली की निघायचं, दहाला पोचायचं. त्या दिवशी त्यांना एकही कॉल लावायचा नाही. पुण्याशी मी बोलायचं. त्या नव्या मुलाने शेजारी बसायचं. त्यांनी रीतसर अर्ज केला, मी रीतसर लेखी उत्तर दिलं. त्यात उशीर करायची सोय नसते. ठरल्या तारखेच्या महिनाभर आधी निर्णय दिला नाही तर अर्ज जसाच्या तसा मान्य झाला असं धरतात. एचआरच्या तक्त्यात ते अजून लाल दिसतात, आणि दर महिन्याला मला खुलासा लिहावा लागतो. बाबांना हे पटलेलं नाही. "एका माणसासाठी वेगळा नियम?" त्यांचा प्रश्न चुकीचा नाही, टीममधल्या दोघांनी मला तोच विचारलाय, आणि त्यांना मी अजून धड उत्तर दिलेलं नाही.

परवाच्या गुरुवारी आमर्सफोर्टजवळ सिग्नल बिघडला. झ्वोलेकर साडेअकराला पोचले, भिजलेले, सॅकवरून पाणी गळतंय. शेजारची खुर्ची रिकामी. त्या दिवशी मुलगाच घरून काम करत होता. नळ दुरुस्त करणारा यायचा होता.

त्यांनी कोट काढून खुर्चीला लावला, खिशातून छोटी वही काढली आणि त्यात काहीतरी लिहिलं. मी कॉफी आणायला उठलो.