उलटा फिरवलेला विमानतळ

मुसळधार पावसाच्या त्या सकाळी अंधेरीतल्या आमच्या फॅक्ट-चेक डेस्ककडे सगळीकडून एकच क्लिप येत होती. पाण्यातून वाट काढणारं विमान आणि खाली ‘मुंबई विमानतळ बुडाला’. व्हॉट्सॲपवरून आलेल्या व्हिडिओत मूळ तारीख-ठिकाणाची नोंद उरत नाही, त्यामुळे तिथे वेळ घालवला नाही. आधी पोस्टची अर्काइव्ह प्रत, म्हणजे वेबवर कायम जपून राहणारी नक्कल, घेतली, कारण बोभाटा झाला की पोस्ट गायब होते.

व्हिडिओ तपासायच्या इनव्हिड प्लगइनने कीफ्रेम, म्हणजे क्लिपमधली ठळक स्थिर चित्रं, काढून गूगल आणि यांडेक्स या शोधयंत्रांवर शोधल्या. काहीच जुळेना. फ्रेम मोठी केल्यावर कारण दिसलं: विमानावरची अक्षरं उलटी होती. शोध फसावा म्हणून व्हिडिओ आरशातल्यासारखा फिरवला होता, वर मराठी आवाज चढवला होता. फ्रेम सुलटी केली तेव्हा नोंदणी क्रमांक वाचता आला. सुरुवात ‘ए६’, म्हणजे संयुक्त अरब अमिराती; भारतीय विमानांची नोंदणी ‘व्हीटी’ने सुरू होते. पण तेवढ्यावर निकाल देता येत नाही, अमिरातीची विमानं मुंबईतही रोज उतरतात. सुलट्या फ्रेमचा पुन्हा शोध घेतला, तेव्हा दुबईतल्या १६ एप्रिल २०२४ च्या पावसाचा मूळ व्हिडिओ मिळाला. मागच्या इमारती जुळल्या. इकडे विमानं कुठे आहेत ते थेट दाखवणाऱ्या फ्लाइटरडार२४ वर मुंबईत विमानं उशिरा का होईना, उतरत होती; धावपट्टी बंद असती तर ती घिरट्या घालताना किंवा दुसऱ्या शहरांकडे वळताना दिसली असती.

मथळा दिला: ‘मुंबई विमानतळ सुरू, पाण्यातलं विमान दुबईचं’. खरी गोष्ट आधी, कारण पुष्कळजण मथळ्यापुढे जात नाहीत. ब्रिटनमधली ‘फुल फॅक्ट’ ही फॅक्ट-चेक संस्था चूक करणाऱ्या नेत्याकडे किंवा वृत्तपत्राकडे थेट दुरुस्ती मागते. आपल्याकडचा फॉरवर्ड निनावी असतो, मागायची कुणाकडे? तैवानच्या ‘कोफॅक्ट्स’ची वाट मला जवळची वाटते: लोक तिथल्या ‘लाइन’ या मेसेजिंग ॲपवरच्या बॉटला संशयास्पद मजकूर पाठवतात, उत्तर तिथेच मिळतं. आम्हीही मूळ आणि फिरवलेली फ्रेम शेजारी ठेवून मराठी कार्ड केलं आणि विचारणाऱ्या प्रत्येकाला व्हॉट्सॲपवरच परत पाठवलं.

उशीर परवडत नाही. मुलं पळवणाऱ्यांच्या अफवेतून १ जुलै २०१८ ला धुळ्याच्या राईनपाड्यात जमावाने पाच जणांना ठार मारलं. त्या दिवसांत फिरणारी एक क्लिप कराचीतल्या जनजागृती फिल्मचा शेवट कापून केलेली होती.

संध्याकाळी तीच विमानाची क्लिप पुण्याच्या नावाने आली. व्हिडिओचा उगम हाती होता. पुणे विमानतळाची त्या वेळची स्थिती तपासून वेगळं कार्ड काढलं.