गाविलगड डाव, अपडेट ७: अर्ध्या 'र'नं केलेला घात

बंद पाकीट चाललं! पण त्याआधी त्यानं एका सच्च्या गड्यावर चोरीचा आळ आणला.

मागचं वाचलेल्यांना माहीतच आहे, हा मी ऑनलाइन चॅटवर चालवतो तो पात्रं घेऊन खेळायचा डाव: डिसेंबर १८०३, भोसल्यांचा गाविलगड, खालून कंपनीची फौज येतेय. हुकूम, म्हणजे खेळाडूंच्या चाली, उघड चॅनलवर पडायचे तेव्हा शहरातली मंडळी सगळ्यांचे वाचून मग आपला टाकायची. इकडे अंजनगावच्या पट्ट्यात थ्री फेज वीज रात्रीची असली की गडी वावरात मोटारीपाशी. तो जाण्याआधी हुकूम टाकणार, बाकीचे तो पाहून चाल ठरवणार. नियमात बसत होतं, तरी मला ते पटत नव्हतं. म्हणून पाकीट: हुकूम आपल्याजवळ लिहून ठेवायचा, रात्री १० पर्यंत फक्त त्याचा शा-२५६ हॅश टाकायचा (मजकुरापासून गणितानं निघणारा ६४ अक्षरी ठसा; मजकुरात जरा बदल झाला तरी ठसा वेगळा, आणि ठशावरून मजकूर उलगडत नाही), सकाळी हुकूम उघडून जुळवायचा.

शनिवारी किल्लेदाराचं पाकीट उघडलं. 'दोन तोफा दुसऱ्या बुरुजावर.' हॅश पार वेगळा! ओओसी, म्हणजे पात्राबाहेरच्या गप्पांच्या, चॅनलवर दोघांनी त्याला काढून टाकायची मागणीही करून टाकली. त्याचा फोन आला. "भाऊ, म्या एक अक्षर बी नाही बदललं. तुमाले तरी पटते का?"

मला पटत होतं, पण दाखवू काय? तीन रात्री त्यात गेल्या. आधी शेवटची स्पेस तपासली, मग पूर्णविराम. मग नवी ओळ, कारण टर्मक्स या फोनवरच्या कमांड-ॲपमध्ये मजकूर पुढे धाडणाऱ्या 'एको' कमांडला 'उणे एन' लावलं नाही तर ती शेवटी चिकटतेच. काहीच नाही. चौथ्या दिवशी त्याला सहज विचारलं, लिहिलंस कशावर? हॅश फोनवरून काढला होता, सकाळी फोनची बॅटरी गेली म्हणून हुकूम भावाच्या लॅपटॉपवर टाइप केला. दोन्ही ओळींचे युनिकोड क्रमांक, म्हणजे प्रत्येक अक्षराचा संगणकातला आकडा, एकाखाली एक मांडले आणि 'दुसऱ्या'पाशी थांबलो. फोननं 'ऱ', हलन्त, 'य' लिहिलं होतं. लॅपटॉपनं साधा 'र', हलन्त, मग न दिसणारा जोडक, मग 'य'. डोळ्याला शब्द एकच, हॅशला दोन.

फोनवरच्या क्रमानं ओळ पुन्हा लिहिली. ६४ च्या ६४ अक्षरं जुळली. रात्रीचे पावणेदोन वाजले होते, तरी त्याला उठवून सांगितलं. सकाळी चॅनलवर दोन्ही क्रम टाकले, त्याची चाल परत दिली, आणि आळ घेणाऱ्या दोघांनीही त्याची माफी मागितली. या सगळ्या खटाटोपात मला सर्वात मोलाचं वाटलं ते हेच.

हॅश काढून देणाऱ्या साइट वापरू नका. काही गुपचूप स्पेस कापतात, आणि आपला हुकूम परक्याच्या हाती द्यायचाच कशाला? टर्मक्सच बरं.

आता हुकूम फक्त इंग्रजी आकड्यांत: बुरूज, मग तोफा. एवढं लिहून थांबणार होतो, पण थांबा. ९ बुरूज, ६ तोफा, म्हणजे हुकूम ५४ च! कोणीही ५४ हॅश काढून ठेवेल आणि पाकीट रात्रीच फोडेल. म्हणजे सॉल्ट हवाच, हुकुमाला जोडायचा अंदाज न येणारा मजकूर. शब्द नको, पुन्हा 'र' आडवा येईल. प्रत्येकानं डी-ट्वेंटी, म्हणजे वीस बाजूंचा फासा, २० वेळा टाकायचा, ०१ ते २० असे दोन-दोन आकडे सलग हुकुमामागे लावायचे. फासा घरचा, चॅनलवर आपोआप फासे टाकणाऱ्या बॉटचा नाही. बॉटचा आकडा सगळ्यांना दिसतो.

मेटागेमिंग, म्हणजे पात्राला ठाऊक नसलेलं खेळाडूनं वापरणं, अजून बाकी आहे. कंपनीच्या कर्नल स्टीव्हन्सननं डोंगरातून तोफा ओढत उत्तरेला आणल्या आणि १५ डिसेंबरला गड पडला, हे सगळ्यांना पाठ. आपला अचलपूरचा व्यापारी तर पहिल्या दिवसापासून उत्तरेकडेच तोफांची दारू साठवतोय, त्याच्या पात्राला ते कळायचं कारण नसताना. त्याला रागावून उपयोग नाही, माहीत असलेलं माणूस विसरणार कसं? आधी ती दारू जप्त करणार होतो. आता वाटतं, फौज कोणत्या बाजूनं येणार ते मीच फाशावर ठरवीन, आणि डाव सुरू व्हायच्या आधी माझाही हॅश चॅनलवर टाकीन, म्हणजे जीएमलाही, डाव चालवणाऱ्या मलाही, मागाहून बाजू बदलता येणार नाही. येत्या शनिवारी पहिलं पाकीट माझं.