रेवाडीला का जात नाही

नातवाच्या मित्रांपासून लग्नाच्या पंगतीत शेजारी बसलेल्या अनोळखी गृहस्थांपर्यंत सगळ्यांचा प्रश्न एकच. "तुम्ही डब्ल्यूपीवर, त्या वाफेच्या इंजिनावर, फायरमन होतात? मग रेवाडीला जाऊन आलात की नाही?" हरियाणात रेवाडीच्या शेडमध्ये वाफेची इंजिनं अजून चालती ठेवलीत, तिथं 'अकबर' आहे, सिनेमात दिसतो तोच, हे मला ठाऊक नसावं असं धरून पुढे मोबाइलवर व्हिडिओही दाखवतात. मी "बघू" म्हणतो. मग "काका, तुमच्यासारख्या माणसानं तर जायलाच हवं" सुरू होतं. गेल्या महिन्यात एकानं माझं तिकीट काढायची तयारी दाखवली. तुम्ही विचारलंत म्हणून एकदाच लिहून टाकतो, पुन्हा विचारू नका.

डब्ल्यूपी म्हणजे काय ते सांगत बसत नाही. टोकदार नाक, त्यावरचा तारा, सजवलेल्या इंजिनांच्या स्पर्धा, एकूण ७५५ इंजिनं, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त पाठ आहे. पण ती का बनवली, हे कुणी विचारत नाही.

तिच्याआधी एक्स मालिकेतली, पॅसिफिक नावाच्या चाकरचनेची इंजिनं होती. एक्सए, एक्सबी, एक्ससी. आपला हलका, राखेचा कोळसा जळावा म्हणून रुंद फायरबॉक्स, म्हणजे आगीची पेटी, दिलेली, १९२० च्या दशकातली. कागदावर चांगली होती, पण वेग घेतला की तोंड डावीउजवीकडे फेकायची आणि खालचा रूळ वेडावाकडा करायची. १७ जुलै १९३७ ला पाटण्याजवळ बिहट्याला एक्सबी जोडलेली एक्स्प्रेस रुळावरून गेली, शंभराहून जास्त माणसं मेली. मग पॅसिफिक लोकोमोटिव्ह कमिटी बसली, विलायतेहून इंजिनांचे नावाजलेले अभियंता स्टॅनियर आले, आणि वाद रंगला की दोष इंजिनाचा की रुळाचा. दोघांनी मिळून केलं, असं निघालं. डब्ल्यूपी आखणाऱ्यांपुढे हे सगळं होतं. १९४७ साली अमेरिकेतल्या बाल्डविन कारखान्याची पहिली १६ नमुन्याची इंजिनं आली, त्यातलं ७२०० रेवाडीलाच आहे. पुढे कॅनडा, पोलंड, ऑस्ट्रिया, आणि १९६३ ते १९६७ आपलं चित्तरंजन.

आमच्या शेडमध्ये एक म्हातारा फिटर होता, एक्सबीवर हात काळे केलेला. एक्सबी कशी चालायची विचारलं की चहाचा भरलेला ग्लास उचलून धरायचा आणि मनगट हलवायचा. चहा त्याच्या बाहीवर सांडायचा. "आणि डब्ल्यूपी?" म्हटलं की ग्लास बाकावर ठेवून द्यायचा, बस. तेव्हा इंजिन चांगलं होतं. याबद्दल माझं काही म्हणणं नाही. तिच्यावर राग धरून बसलोय असं घरातसुद्धा वाटतं, ते खोटं आहे.

काम मात्र तुमच्या व्हिडिओत दिसतं तसं नव्हतं. फायरबॉक्सचं दार उघडलं की गुडघ्यापासून वर भाजायचं आणि टेंडरकडची, म्हणजे मागच्या कोळशापाण्याच्या गाड्याकडची, पाठ थंडीत कडकडायची. कोळशात दगड, आगीत क्लिंकर, म्हणजे वितळून घट्ट झालेल्या राखेचे गोळे, डोळ्यांत राख. ५ फूट ७ इंचाची चाकं, माझ्याहून एक इंच उंच, आणि ती फिरवायची वाफ माझ्या फावड्यावर. त्यात वाफेचं प्रेशर २१० पौंडांच्या आसपास राहिलं पाहिजे. काटा खाली आला की ड्रायव्हर बोलत नाही, नुसता बघतो. त्या बघण्याला मी घाबरायचो. हे ध्यानात ठेवा, पुढे लागेल.

१९७९ चा फेब्रुवारी. जागेचं नाव घेत नाही, सेक्शन सांगितला की रेल्वेतली माणसं दहा मिनिटांत माणूस शोधून काढतील. रात्रीची एक्स्प्रेस. ड्रायव्हरना आम्ही अण्णा म्हणायचो. दोन-तीन वर्षांत रिटायर होणारे, कमी बोलणारे, ड्यूटीच्या पेटीवर, लाइन बॉक्सवर, गजाननाचं स्टिकर लावलेले. मी फर्स्ट फायरमन, दुसरा पोरगा टेंडरमध्ये कोळसा पुढे ओढत होता.

पुढे एक लांब चढ होता. घाट नव्हे, साधा चढ, पण जड गाडीला पुरायचा. काटा १८० वर आला आणि हलेना. आता बॉयलरमध्ये पाणी ढकलणाऱ्या इंजेक्टरचं गणित सोपं आहे. बॉयलरमध्ये गार पाणी घातलं की प्रेशर आणखी उतरतं. म्हणून चढावर प्रेशर राखायचं असेल तर पाणी थोडा वेळ थांबवायचा मोह होतो. सगळेच कधी ना कधी करायचे. मी इंजेक्टर बंद केला.

चढावर आणखी एक गंमत होते. गंमतच म्हणायची. इंजिनाचं तोंड वर असतं, त्यामुळे बॉयलरमधलं पाणी मागे, आमच्या बाजूला येतं. पाण्याची पातळी दाखवणारी काचेची नळी, गेज ग्लास, तीही मागेच. म्हणजे असतं त्याहून जास्त पाणी दिसतं. हे पहिल्या महिन्यातच शिकवतात, मलाही शिकवलं होतं. आणि ग्लासाबद्दलही शिकवलेलं असतं की पूर्ण भरलेला आणि पूर्ण रिकामा सारखाच दिसतो, लख्ख. शंका आली तर खालचा कॉक उघडून ग्लास ब्लो करायचा, पाणी येतं की नुसती वाफ ते बघायचं. पाच सेकंदांचं काम.

अर्ध्या चढावर अण्णांनी विचारलं, "पाणी?" मी कंदील ग्लासाजवळ नेला. अर्धा दिसला. की दिसल्यासारखा वाटला? ही एक गोष्ट मी हजार वेळा आठवून बघितली आहे आणि दर वेळी ग्लास वेगळा दिसतो. मी म्हणालो, "आहे अण्णा, भरपूर." कॉकला हात लावला नाही. फावडं चालू होतं, काटा १९० ला आला होता, मला तो २०० ला न्यायचा होता. आजही सांगतो, त्या क्षणी मी खूश होतो.

गाडी माथ्यावरून पलीकडे कलली. पाणी पुढे धावलं. ग्लास लख्ख झाला. मी म्हटलं, अरे, भरला. खरंच तेच वाटलं. कॉक उघडला आणि खालून नुसती वाफ फुसकली. तेवढ्यात फायरबॉक्समधून आवाज आला. मोठा स्फोट वगैरे नाही, तव्यावर पाण्याचा हबका मारल्यासारखा, न थांबणारा. फायरबॉक्सच्या छताचा पत्रा, क्राउन शीट, त्यावर कायम पाणी हवं; ते उतरलं आणि त्यातले लेड प्लग, शिशाची बुचं, वितळले होते. ते वितळतात म्हणूनच तर बसवलेले असतात, पत्रा कोसळण्याआधी वाफ आगीवर यावी म्हणून. त्या दोन शिशाच्या तुकड्यांमुळे मी हे लिहितोय आणि मागच्या डब्यांतले लोक आपापल्या घरी पोहोचले.

अण्णांनी रेग्युलेटर, वाफेचा मुख्य दांडा, बंद केला, ब्रेक लावला आणि म्हणाले, "आग पाड." एवढंच. अंधारात, रुळाशेजारी, निखारे पाडताना माझे हात इतके हलत होते की दुसऱ्या पोरानं माझ्याकडून सळई काढून घेतली. दुसरं इंजिन यायला पहाट झाली. एक बाई मुलाला कडेवर घेऊन इंजिनापर्यंत चालत आल्या, "पाणी मिळेल का?" म्हणाल्या. मुलाला प्यायला हवं होतं. अण्णांनी आपली बाटली दिली.

चौकशीत मला एकच प्रश्न आला, ग्लास शेवटचा ब्लो कधी केला. मी तोंड उघडण्याआधी अण्णा म्हणाले, "चढाच्या पायथ्याला मी स्वतः केला होता. पुढे लक्ष राहिलं नाही. पाणी बघणं माझं काम." नियम तसाच होता, पाण्याची शेवटची जबाबदारी ड्रायव्हरची. मी गप्प बसलो. पायथ्याला त्यांनी ग्लास ब्लो केला नव्हता, मला माहीत होतं, त्यांना माहीत होतं. मला ताकीद मिळाली. त्यांना लाइनवरून उतरवून यार्डात शंटिंगला टाकलं, आणि तिथूनच ते रिटायर झाले. मी पुढे ड्रायव्हर झालो, डिझेलवर गेलो, पगार, पेन्शन, सगळं नीट झालं.

तुम्ही म्हणाल, वय काय होतं. अठ्ठावीस. लहान नाही. तुम्ही म्हणाल, कोळसा वाईट होता. मीही तेच म्हणत आलो. पण त्या रात्रीचा कोळसा तितका वाईट नव्हता, आग मी आधीच जाड करून ठेवली होती, तिला हवा पोचत नव्हती. १९९६ साली, ब्रॉडगेजवरची वाफ बंद झाल्यावर, आमच्या लोकांनी स्मरणिका काढली. ६ डिसेंबर १९९५ ला जालंधर-फिरोजपूर गाडी ओढून शेवट झाला, तोही डब्ल्यूपीनं नाही, तिच्या धाकट्या बहिणीनं, डब्ल्यूएलनं. त्या स्मरणिकेत माझा लेख आहे. त्यात मी डब्ल्यूपीबद्दल लिहिलंय, "राणीनं मला कधी दगा दिला नाही." तो लेख लिहिणाऱ्या माणसाला मी विचारतो, अण्णांचं नाव का नाही रे त्यात? तो म्हणतो, नाव घातलं असतं तर सगळं सांगावं लागलं असतं. म्हणजे विचार करूनच गाळलं होतं. आणि आत्ता? आत्ताही नाव नाहीच. त्यांच्या मुलांना त्रास नको म्हणून, असं मी स्वतःला सांगतो. त्यांच्या मुलांना कदाचित वडिलांवरचा डाग पुसलेलाच हवा असेल. त्यांचा पत्ता मी शोधलेला नाही.

अण्णा यार्डात असताना मी दोनदा तिथून गाडी घेऊन गेलो. पहिल्यांदा त्यांनी हात केला. दुसऱ्यांदा मी दुसऱ्या बाजूच्या खिडकीतून सिग्नल बघत होतो. सिग्नल अजून यायचा होता.

तेव्हा रेवाडीचं असं आहे. जाईन किंवा जाणार नाही. गेलो तर तुम्ही मला नाकाजवळ उभं करून फोटो काढाल, मी हसेन. मग कुणीतरी हौसेनं कॅबमध्ये चढवेल. तिथं रेग्युलेटरच्या आधी माझी नजर त्या काचेच्या नळीकडेच जाणार. आणि आत उभा असलेला पोरगा, बोलीभाषा कोणती का असेना, जर म्हणाला की पाणी आहे, भरपूर, तर मी त्याच्या हातावर हात ठेवून कॉक उघडायला लावीन, वाफ त्याच्या पायावर येईल, तो वैतागेल, आणि तुम्ही मला विचाराल, काका, काय झालं?

तिकीट काढू नका.