दोनशे तीन वर्षांचा हाइनरिश

चोविसावा हाइनरिश. जन्म १७२४, मृत्यू १९२७. मुलगी १७५७ची, बहीण १८८७ची. व्यवसाय : संस्थानिक, संगीतकार.

सोमवारी सकाळी मी ही नोंद तीनदा वाचली, तोवर चहा गार झाला. नोंद आमच्याच टीमने केलेली होती, आणि ज्या नियमाने ती तयार झाली तो नियम माझा होता.

मी युरोपातल्या ग्रंथालयांच्या नामनोंदी साफ करण्याचं काम करते, पुण्यात बसून. एकाच माणसाचं नाव कुणी पूर्ण लिहिलेलं असतं, कुणी आद्याक्षरांनी, कुणी लॅटिनमध्ये. ते सगळे एका नोंदीखाली आणायचे. या खेपेला जर्मनीतल्या थुरिंगियातल्या रॉइस घराण्याशी संबंधित पत्रं, अंत्यविधीची छापील प्रवचनं आणि संगीताची हस्तलिखितं होती. माझा नियम सोपा होता : घराणं तेच, नाव तेच, क्रमांक तोच, तर माणूस तोच. चौदावा लुई काय दोन असतात?

रॉइसांच्या घरात चौदावे दोन काय, तीनही निघू शकतात, हे मला त्या दिवशी कळलं. जर्मन येतं म्हणून जर्मनांची घराणी येतात असं नाही.

तेवढ्यात टीममधला नवा मुलगा लॅपटॉप घेऊन आला. त्याच्याकडे रॉइसांच्या धाकट्या पातीच्या, म्हणजे धाकट्या फांदीच्या, राज्यकर्त्यांची यादी होती. "मॅडम, बराच डेटा गहाळ आहे," म्हणाला. त्याने राजे क्रमांकाने लावले होते : १४, २७, ४२, ६२, ६७. मधल्या एकोणपन्नास ओळी इमानदारीने रिकाम्या सोडून प्रत्येकीत 'माहिती उपलब्ध नाही' असं भरलेलं. पहिल्या ओळीतला चौदावा १८३२चा आणि तिसऱ्या क्रमांकाचा बेचाळिसावा १७५२चा. म्हणजे नातू आधी गादीवर, आजोबा नंतर.

मी कामं बाजूला सारली, ए-थ्री कागद काढला आणि आम्ही दोघं वंशावळ मांडायला बसलो.

या घराण्यात बाराव्या शतकाच्या अखेरीपासून प्रत्येक मुलाचं नाव हाइनरिश. सम्राट सहाव्या हाइनरिशच्या उपकारांची आठवण म्हणून ही प्रथा पडली असं सांगतात. कृतज्ञता चांगली, पण आठशे वर्षं? आणि प्रत्येक मुलाचं म्हणजे खरोखर प्रत्येक. गादीवर बसणारा, सैन्यात जाणारा, पाळण्यातच गेलेला, सगळे हाइनरिश. घरात हाक मारताना काय करत असतील, याचा मी त्या दिवशी बराच विचार केला.

१५६४ साली वाटण्या झाल्या आणि थोरली, मधली, धाकटी अशा तीन पात्या पडल्या. (आपल्याकडे देवासच्या पवारांच्या होत्या तशाच पात्या, म्हणून मी तोच शब्द वापरते.) मधली १६१६मध्ये संपली. उरलेल्या दोघींनी नंबर द्यायच्या पद्धतीही वेगवेगळ्या ठरवल्या. ग्राइत्सच्या थोरल्या पातीने शंभरापर्यंत मोजून मग पुन्हा एकपासून सुरुवात करायचं ठरवलं. शंभर काही गाठता आले नाहीत, ती चोविसावरच आटोपली. धाकटी पाती दर शतकाला नव्याने एकपासून मोजते. अठराव्या शतकात तिची मजल पंचाहत्तरपर्यंत गेली. तो पंचाहत्तरावा १८००मध्ये जन्मला आणि पुढच्याच वर्षी वारला. त्याचा नंबर मात्र खर्ची पडला.

म्हणजे हा राजाचा क्रमांक नव्हेच. शतकभरात त्या पातीच्या सगळ्या शाखांत मिळून हा कितवा मुलगा, एवढंच तो आकडा सांगतो.

हे लक्षात आल्यावर यादी सरळ झाली. श्लाइत्स शाखेचा बेचाळिसावा १८१८मध्ये गेला, मुलगा बासष्टावा गादीवर आला. १८४८च्या धामधुमीत लोबेनश्टाइन-एबर्सडॉर्फ शाखेच्या बहात्तराव्याने गादी सोडली आणि त्याचा मुलूखही या बासष्टाव्याकडे आला. बासष्टावा अविवाहित, म्हणून १८५४मध्ये त्याचा भाऊ सदुसष्टावा. त्याच्यानंतर १८६७मध्ये त्याचा मुलगा चौदावा, कारण मधे शतक बदललेलं. १९१३मध्ये सत्ताविसावा, आणि १९१८मध्ये राज्यच गेलं. एकही ओळ रिकामी नव्हती. पोरगा म्हणाला, "म्हणजे सदुसष्टनंतर चौदा हे बरोबर आहे?" मी म्हटलं, "बरोबर आहे, आणि तू भरलेलं सगळं पुसून टाक."

आता माझा दोनशे तीन वर्षांचा माणूस. त्याला उकलल्यावर आतून तीन चोविसावे निघाले.

पहिला एबर्सडॉर्फचा, १७२४ ते १७७९. त्याची मुलगी आउगुस्टे, १७५७ची, ही राणी व्हिक्टोरियाची आजी. आपल्या देशावर राज्य करणाऱ्या बाईचा हा पणजोबा, आणि मी त्याला संगीतकार करून ठेवलं होतं. दुसरा क्योस्ट्रित्सचा, १८५५ ते १९१०. संगीतकार तो हा, सिम्फनी लिहिणारा. क्योस्ट्रित्सला संगीत तसं नवीन नाही. संगीतकार हाइनरिश श्युत्स तिथेच जन्मला, आणि १६३५मध्ये रॉइसांचा पोस्टुमुस, म्हणजे वडिलांच्या मृत्यूनंतर जन्मलेला हाइनरिश, वारला तेव्हा त्याच्या अंत्यविधीचं संगीत श्युत्सनेच रचलं.

तिसरा चोविसावा ग्राइत्सचा. याच्यापाशी मी जरा थांबले. सुमारे ३१७ चौरस किलोमीटरचं राज्य, आपल्या एखाद्या तालुक्याहूनही लहान. बाविसाव्या हाइनरिशला पाच मुली आणि हा एकच मुलगा, १८७८चा. मुलगा शरीराने आणि मनाने अधू. मुलींना गादी नाही. १९०२मध्ये वडील गेले तेव्हा राजा हाच झाला, पण कारभार एक दिवसही पाहू शकला नाही. तो पाहिला धाकट्या पातीच्या चौदाव्याने आणि पुढे सत्ताविसाव्याने. जवळजवळ साडेतीनशे वर्षांपूर्वी वेगळी झालेली भावकी अशी पुन्हा त्याच दारात आली. १९२७मध्ये हा गेला आणि थोरली पाती त्याच्याबरोबर संपली. त्या पाच मुलींपैकी हर्मिने, १८८७ची, हिने १९२२मध्ये पदच्युत कैसर दुसऱ्या विल्हेल्मशी लग्न केलं. माझ्या नोंदीतली बहीण ती ही.

दुपारी सरांना सांगायला गेले. "वयाची तपासणी नव्हती का?" होती. पण ती विलीनीकरणाच्या आधी चालायची, आणि तेव्हा तिघेही आपापल्या वयाचे, ठणठणीत होते. ही चूकही माझीच. तपासणी नंतरही चालवायची असं ठरलं आणि नियमातून क्रमांक काढला. त्याऐवजी पाती, शाखा आणि जन्मवर्ष. मग एकेक हाइनरिश हाताने सोडवत बसलो. आपल्याकडे थोरले माधवराव, सवाई माधवराव म्हटलं की लहान मुलालाही फरक कळतो, असं मी पुटपुटले. पोरगा म्हणाला, "मॅडम, मला नाही कळत." त्यावर काही बोलले नाही.

रात्री नऊला ग्राहकाला मेल गेली, चूक कबूल करून, दुरुस्त फाइलसह. निघताना सहज पोराच्या शीटवर नजर टाकली. 'राजक्रमांक' या रकान्याचं नाव त्याने बदललं होतं : 'कितवं बाळ'.