चालतं इंटिग्रेशन अ‍ॅप न थांबवता नवी लायब्ररी घालताना: माझा अनुभव

रत्नागिरीच्या एमआयडीसीत मासळी गोठवून परदेशी पाठवणारा एक कारखाना आहे, त्याचं सॉफ्टवेअर मी सांभाळते. मिरकरवाड्याहून म्हाकूल, कोळंबी, राणी मासा येतो. धुणं, सोलणं, प्रतवारी, गोठवणं झालं की माल उणे १८ अंशांच्या कोल्ड स्टोअरमध्ये जातो. वजनकाटे एका कंपनीचे, तापमानाचे कंट्रोलर दुसऱ्या कंपनीचे, हिशेबाचं पॅकेज तिसऱ्याच कंपनीचं. या सगळ्यांना जोडणारं एक जावा अ‍ॅप आम्ही अपाची कॅमल ४ वर, म्हणजे वेगवेगळ्या प्रणाली जोडण्याच्या चौकटीवर, बांधलं आहे. ते जावा १७ वर, विंडोज सर्व्हरवर अहोरात्र चालतं.

मासेमारीची बंदी १ जून ते ३१ जुलै. मोठे बदल आम्ही याच काळात करतो, कारण तेव्हा माल येत नाही. पण गेल्या हंगामात प्रतवारीचं नवं यंत्र बंदी उठल्यावर आलं. कोळंबीचा काउंट (ठरावीक वजनात किती नग) ते स्वतःच मोजतं आणि आकडे स्वतःच्या फायरबर्ड डेटाबेसमध्ये लिहितं. आमच्या अ‍ॅपमध्ये फायरबर्डशी बोलणारा ड्रायव्हर, म्हणजे जेबर्ड, नव्हता. त्याच सुमारास एका नव्या ग्राहकाने पॅकिंग लिस्ट त्याच्या ठरावीक एक्सएमएलमध्ये मागितली. दोन्हींसाठी नव्या जार फाइल, म्हणजे जावाच्या लायब्ररीचे तयार गठ्ठे, लागणार होत्या.

‘दोन मिनिटं बंद करा, जार टाका, चालू करा’ असं कोणीही म्हणेल. अडचण तापमानाची होती. कंट्रोलरकडे मागचे आकडे साठत नाहीत. आमचं अ‍ॅप मॉडबस या यंत्रांशी बोलायच्या भाषेतून दर मिनिटाला विचारतं, आणि जे विचारलं नाही ते गेलं. निर्यातीच्या तपासणीत तापमानाची सलग नोंद बघतात आणि प्रत्येक खंडाला कारण लिहावं लागतं. कोल्ड स्टोअर बघणाऱ्या चाचांची रोज त्या आलेखावर सही असते. मी बदलाचं बोलले तेव्हा ते म्हणाले, “बेटा, काय करायचं ते कर, पण माझी रेघ तुटता कामा नये.”

दोन मिनिटांच्या खंडापेक्षा मला जास्त काळजी होती ती अ‍ॅप पुन्हा उभं न राहण्याची. नवी जार जुन्या लायब्ररीशी भांडली आणि रात्री अकराला अ‍ॅप सुरूच झालं नाही, तर एका प्रतवारी यंत्रासाठी अख्ख्या कारखान्याची नोंद अडकेल. शिवाय ही एकदाची गोष्ट नव्हती. प्रत्येक नवा ग्राहक आपला फॉरमॅट घेऊन येतो. म्हणून चालत्या अ‍ॅपमध्ये तुकडे घालता आणि काढता येतील अशी व्यवस्थाच करायची, असं ठरवलं.

इंटरनेटवर यासाठी एक जुना उपाय सगळीकडे सापडतो. क्लास म्हणजे जावा कोडचा एक घटक, आणि तो मेमरीत आणणारा तो क्लासलोडर. अ‍ॅपच्या सिस्टिम क्लासलोडरला यूआरएलक्लासलोडर (दिलेल्या जारमधून क्लास आणणारा प्रकार) समजून रिफ्लेक्शनने, म्हणजे एरवी बंद असलेल्या मेथडला आडवाटेने हाक मारून, त्यात नवी जार जोडायची. जावा ८ पर्यंत हे चालायचं. २०१७ मध्ये जावा ९ आलं, त्यात अ‍ॅपचा क्लासलोडर यूआरएलक्लासलोडर राहिलाच नाही आणि तो मार्ग बंद झाला. जावा एजंट (चालत्या अ‍ॅपला जोडता येणारी मदतनीस जार) वापरून सिस्टिमच्या क्लासपाथला (क्लास शोधायच्या जागांच्या यादीला) जार जोडता येते, ते आजही चालतं. पण तशी जोडलेली जार परत काढता येत नाही, आणि सगळं एकाच ढिगात जातं. आम्हाला काढताही यायला हवं होतं, म्हणून दोन्ही सोडले.

ओएसजीआय या जावाच्या तुकडे-पद्धतीच्या मानकाचाही विचार केला. एकाच प्रक्रियेत वेगवेगळे तुकडे घालणं, काढणं, त्यांच्या आवृत्त्या वेगळ्या ठेवणं हा प्रश्न त्या लोकांनी १९९९ पासून हाताळला आहे आणि फार नीट हाताळला आहे. पण तिथे प्रत्येक जारच्या मॅनिफेस्टमध्ये (माहितीच्या फाइलमध्ये) कोणती पॅकेजेस बाहेर देणार आणि कोणती आत घेणार हे लिहिलेलं लागतं. बाहेरच्या बऱ्याच जारमध्ये ते नसतं, मग ते आपण करत बसायचं. मोठ्या टीमला मी ओएसजीआयच सुचवीन. आम्ही दोघंच, मी आणि नुकताच कॉलेजातून आलेला एक मुलगा. आम्हाला झेपेल असं हवं होतं.

शेवटी उरली ती साधी रचना. डिस्कवर प्लगइनचा (घालता-काढता येणाऱ्या तुकड्यांचा) एक फोल्डर, त्यात प्रत्येक प्लगइनचा वेगळा उपफोल्डर आणि प्रत्येकासाठी स्वतंत्र क्लासलोडर, ज्याचा पालक म्हणजे अ‍ॅपचा लोडर. आमचा एक छोटा इंटरफेस, म्हणजे प्लगइनने कोणती कामं करायची याचा करार, पालकाकडे राहतो. त्यात तीनच कामं आहेत: सुरू हो, तुझे रूट (माहिती कुठून कुठे न्यायची त्या वाटा) दे, आवरून घे. प्लगइनच्या जारमध्ये मेटा-इन्फच्या सर्व्हिसेस फोल्डरात त्या इंटरफेसच्या नावाची फाइल असते, आणि जावा ६ पासून असलेला सर्व्हिसलोडर त्या फाइलवरून प्लगइनचा क्लास शोधतो. मग प्लगइनचे रूट चालत्या कॅमल कॉन्टेक्स्टमध्ये (रूट चालवणाऱ्या कॅमलच्या मुख्य भागात) जोडायचे. कॅमलला यात काही वावगं वाटत नाही. बाकीचे रूट आपापलं काम करत राहतात.

इथवरचं काम सोपं होतं. यापुढे प्रत्येक पायरीला काही ना काही निघालं.

पहिला प्रश्न: आधी कोणाला विचारायचं? नेहमीचा क्लासलोडर क्लास आधी पालकाकडे मागतो, तिथे नसला तरच स्वतःकडे शोधतो. एक्सएमएलच्या प्लगइनला एका लायब्ररीची नवी आवृत्ती हवी होती आणि पालकाकडे जुनी होती. पालक आधी, म्हणून जुनीच मिळाली आणि ‘अशी मेथड नाही’ ही त्रुटी आली. तेव्हा उलट क्रमाचा लोडर लिहिला, आधी स्वतःकडे, मग पालकाकडे. मात्र उलट क्रमात काही गोष्टी तरीही पालकाकडूनच घ्याव्या लागतात: जावाचे स्वतःचे क्लास, लॉगिंगचा एसएलएफ४जे, कॅमल आणि आमचा इंटरफेस.

तसं न केल्यास काय होतं, हे त्या मुलाला दाखवायला चाचणीच्या मशीनवर मी मुद्दाम आमचा इंटरफेस प्लगइनच्या जारमध्येही भरला आणि पालकाकडूनच घ्यायच्या गोष्टींची यादी काढून टाकली. सर्व्हिसलोडरने तो क्लास मानायलाच नकार दिला. क्लास थेट बनवून इंटरफेसमध्ये घ्यायला गेलो तेव्हा क्लासकास्टएक्सेप्शन (हा क्लास त्या प्रकारचा नाही, ही त्रुटी) आलं, आणि संदेशात दोन्ही बाजूंना तेच नाव. “ताई, हा तर तोच क्लास आहे!” तो म्हणाला. तोच नसतो. जावामध्ये क्लासची ओळख नाव आणि लोडर मिळून ठरते. आपल्याकडे एकाच नावाची दोन माणसं असली की वाडीवरून कोण ते कळतं, तसं. त्यानंतर त्याला ती यादी कधी समजवावी लागली नाही. आता प्लगइनच्या बिल्डमध्ये इंटरफेसची जार तो स्वतःच ‘प्रोव्हायडेड’, म्हणजे प्लगइनमध्ये न भरता पालकाकडून मिळणारी, ठेवतो.

दुसरं, जेबर्ड. जार लोड झाली, ड्रायव्हरचा क्लास सापडला, तरी कनेक्शन मागितलं की ‘योग्य ड्रायव्हर नाही’ असं उत्तर. कारण ड्रायव्हर वाटून देणारा जावाचा ड्रायव्हरमॅनेजर मागणाऱ्याचा लोडर बघतो. मागणाऱ्याला जो ड्रायव्हर दिसत नाही, तो त्याला देत नाही. आमचा कनेक्शन पूल (उघड्या जोडण्यांचा साठा) पालकाकडे होता, त्याला प्लगइनमधला ड्रायव्हर दिसणं शक्यच नव्हतं. यावर उपाय असा की ड्रायव्हरमॅनेजरच्या वाटेला जायचंच नाही. प्लगइनच्या आतच ड्रायव्हरचा ऑब्जेक्ट बनवायचा, त्याभोवती डेटासोर्स (जोडण्या देणारा ऑब्जेक्ट) बांधायचा आणि तो कॅमलच्या रजिस्ट्रीत, म्हणजे नावांच्या यादीत, नावाने ठेवायचा. रूट त्या नावाने डेटासोर्स उचलतो.

पण ड्रायव्हरचा क्लास लोड होताच स्वतःची नोंद ड्रायव्हरमॅनेजरकडे करतो, आपण मागितली नसली तरी. ती नोंद राहिली तर प्लगइन काढल्यावरही त्याचा लोडर मेमरीत अडकून बसतो. नोंद काढायची सोय आहे, तिथेही हीच तपासणी आहे: दुसऱ्या लोडरमधून काढायला गेलात तर सिक्युरिटीएक्सेप्शन. म्हणून नोंद काढणारा कोड प्लगइनच्याच जारमध्ये, ‘आवरून घे’ या कामात हवा. हे कळेपर्यंत आम्ही ड्रायव्हरमॅनेजरचा सोर्स वाचत होतो. कोणताही लेख वाचण्यापेक्षा तो वाचणं सोपं पडलं.

तिसरं, थ्रेडला (एकाच वेळी चालणाऱ्या कामांपैकी एकाला) चिकटवलेला कॉन्टेक्स्ट क्लासलोडर. एक्सएमएलसाठी जेएएक्सबी (एक्सएमएल आणि जावाचे ऑब्जेक्ट यांत रूपांतर करणारी लायब्ररी) लागतं, जे जावा ११ पासून जेडीकेमध्ये नाही. ते आपली प्रत्यक्ष अंमलबजावणी थ्रेडच्या कॉन्टेक्स्ट लोडरमधून शोधतं. कॅमलच्या थ्रेडवर लोडर अ‍ॅपचा, आणि जेएएक्सबीची जार प्लगइनमध्ये. तेव्हा प्लगइनला काम देण्याआधी तो लोडर बदलायचा आणि काम झाल्यावर, त्रुटी आली तरीही, परत ठेवायचा. यात एक बारीक गोष्ट आहे. नवा थ्रेड जन्मताना ज्या थ्रेडने त्याला जन्म दिला त्याचा कॉन्टेक्स्ट लोडर घेतो. लोडर बदललेला असताना थ्रेडच्या साठ्यात (पूलमध्ये) नवा थ्रेड तयार झाला, तर तो प्लगइनचा लोडर कायमचा धरून बसेल. म्हणून रूट सुरू करण्याचं काम आम्ही लोडर न बदलता करतो, आणि बदल फक्त प्रत्यक्ष रूपांतराच्या ओळींपुरता.

आता काढण्याविषयी. मला हा सगळ्यांत महत्त्वाचा भाग वाटतो, आणि बहुतेक लोक तिथवर जातच नाहीत. जावामध्ये एखादा क्लास हवा तेव्हा काढता येत नाही. त्याच्या लोडरकडे कुठूनही संदर्भ उरला नाही, तरच गार्बेज कलेक्टर (न लागणारी मेमरी मोकळी करणारा जावाचा भाग) लोडर आणि त्याचे सगळे क्लास एकदम उचलतो. एकही संदर्भ उरला तर सगळेच राहतात. जावा ८ पासून क्लासची माहिती मेटास्पेस या मेमरीच्या वेगळ्या भागात असते. प्रत्येक वेळी जुनी आवृत्ती तशीच राहिली तर मेटास्पेस फुगत जातो, आणि ऐन हंगामात, माल सर्वांत जास्त असताना, अ‍ॅप बसतं.

चाचणीच्या मशीनवर क्लास काढल्याच्या नोंदी लॉगमध्ये चालू केल्या, प्लगइन घातलं, काढलं आणि वाट बघितली. एकही नोंद नाही. जेसीएमडी या जावाच्या साधनाने लोडरची यादी मागवली, जुना लोडर तिथेच. मग हीप डंप (मेमरीची प्रत) घेऊन एक्लिप्सच्या मेमरी अ‍ॅनालायझरमध्ये त्या लोडरपासून जीसी रूटपर्यंतचा (ज्या मूळ संदर्भांमुळे कलेक्टर काही उचलत नाही तिथवरचा) मार्ग काढला. एक धागा बाहेरच्या लायब्ररीने सुरू केलेल्या टायमरचा होता, दुसरा पूलमधल्या थ्रेडवर राहिलेल्या थ्रेडलोकलचा (थ्रेडपाशी साठवलेल्या मूल्याचा). टायमर थांबवायची सोय त्या लायब्ररीत होती, फक्त तिला हाक मारायची होती. थ्रेडलोकलसाठी प्लगइनला स्वतःचा छोटा थ्रेड पूल दिला, प्लगइनबरोबर तोही बंद होतो. त्यानंतर लॉगमध्ये क्लास काढल्याच्या ओळी धडाधड यायला लागल्या. तो मुलगा खुर्चीतून उठून टाळ्या वाजवायला लागला, आणि मलाही फार बरं वाटलं.

काढण्याचा क्रम आता ठरलेला आहे. आधी रूट थांबवायचा. हातात असलेले संदेश पूर्ण होईपर्यंत कॅमल थांबतो, त्याची ठरलेली मर्यादा ४५ सेकंद. मग रूट काढायचा, थांबलेला असल्याशिवाय तो निघत नाही. मग रजिस्ट्रीतून डेटासोर्स, मग प्लगइनची स्वतःची आवराआवर, आणि शेवटी लोडर बंद. यूआरएलक्लासलोडरला बंद करायची सोय जावा ७ पासून आहे आणि विंडोजवर ती फार लागते, कारण उघडी जार विंडोज पुसू देत नाही. तरीही जुन्या जारवर नवी कधीच टाकत नाही. प्रत्येक आवृत्तीचा फोल्डर नवा. फाइल अर्धी कॉपी झालेली असताना उचलली जाऊ नये म्हणून सगळं कॉपी झाल्यावर शेवटी एक रिकामी खुणेची फाइल टाकायची, ती दिसली तरच अ‍ॅप फोल्डर बघतं.

आमच्याकडे पावसात वीज जाते, यूपीएस संपतो, सर्व्हर पुन्हा सुरू होतो. त्या वेळी मेमरीत जे होतं ते फोल्डरवरूनच उभं राहायला हवं. म्हणून काहीही घालायचं ते फोल्डरमधूनच, दुसरा मार्ग ठेवलेला नाही. सुरू होताना एखादं प्लगइन बिघडलेलं निघालं तर त्याला बाजूला ठेवून बाकीचे चालू झाले पाहिजेत. इथे फक्त एक्सेप्शन पकडून भागत नाही. क्लास न सापडल्याच्या ‘नोक्लासडेफफाउंड’सारख्या त्रुटी एररच्या वेगळ्या शाखेतल्या, त्याही पकडाव्या लागतात. आणि त्या फोल्डरात पडलेली जार अ‍ॅपचे सगळे अधिकार घेऊन चालते. सिक्युरिटी मॅनेजर जावा १७ मध्ये निवृत्तीच्या यादीत गेला, त्याच्या भरवशावर राहता येत नाही. फोल्डरात लिहायची परवानगी आम्हा दोघांनाच आहे, आणि प्रत्येक जारचा एसएचए-२५६ (फाइलच्या मजकुरावरून काढलेला ठसा) एका यादीशी जुळल्याशिवाय ती लोड होत नाही.

जेबर्डचं प्लगइन दिवसाढवळ्या घातलं. खाली कोळंबीचं काम जोरात होतं, आणि चाचा माझ्या शेजारी तापमानाचा आलेख बघत उभे. प्रतवारीचे आकडे यायला लागले, तापमानाचा दर मिनिटाचा ठिपका आपल्या जागी पडत राहिला. एक्सएमएलचं प्लगइन त्यानंतर आठवड्यात घातलं आणि ग्राहकाने एक रकाना बदलून मागितल्यावर काढून नवं घातलं, तेही माल चालू असताना.

एक गोष्ट मात्र या रचनेत बसवली नाही: लेबल प्रिंटरची डीएलएल (विंडोजची नेटिव्ह, म्हणजे जावाबाहेरच्या कोडची, लायब्ररी). जावामध्ये एक नेटिव्ह लायब्ररी एका वेळी एकाच क्लासलोडरमध्ये लोड होते. जुना लोडर प्रत्यक्ष उचलला जाईपर्यंत नव्या लोडरला तीच फाइल मागितली की ‘दुसऱ्या लोडरमध्ये आधीच लोड आहे’ असं उत्तर येतं, आणि गार्बेज कलेक्टर केव्हा उचलेल हे आपल्या हातात नाही. तिची जार पालकाकडेच ठेवली आहे. प्रिंटरच्या कंपनीने नवी डीएलएल पाठवली आहे, ती आम्ही येत्या जूनमध्ये, बंदीत, अ‍ॅप थांबवून बसवणार आहोत.